समुद्र घरात आणणारा गृहस्थ : फिलिप हेन्री गॉस

अलीकडे दवाखाने, दुकाने व कारखान्यांच्या कचेऱ्या यांत काचेची टाकी मांडून तीत मासे पाळण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ पसरली आहे. यांपैकी बहुतेक टाक्या गोड्या पाण्याच्या असतात. परंतु क्वचित एखादी खाऱ्या पाण्याची असते, आणि तीत समुद्रातले जीव आपल्या डोळ्यांसमोर चालताबोलताना दिसतात. मुंबईस 1951 साली समुद्रकाठी तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा घाटावरची माणसे ते पाहावयास मोठ्या हौसेने जाऊ लागली. तेथे समुद्र दाराशीच होता. पण नाशिकजवळच्या सातपुरास समुद्र कोठून आणावा? सातपूर हे त्र्यंबकच्या रस्त्यावरचे गाव. एके काळी शेताभातांचे, आता कारखान्यांचे. जवळून वाहणारी गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते. तेथून पश्चिमेचा समुद्र अवघा ऐंशी किलोमीटरांच्या सुमारास आहे, तरी ती त्याला पाठ दाखवून सुमारे 1465 किलोमीटर पूर्वेस जाते व बंगालच्या उपसागरास मिळते. अशा गावातील एखाद्या कचेरीच्या मेजावर समुद्राचे ओंजळभर पाणी ठेवून त्यात जीव जगवणे आज शक्य आहे. ते ज्यांच्या खटपटीमुळे प्रथम शक्य झाले, त्यांत फिलिप हेन्री गॉस या इंग्रज गृहस्थाचे नाव ठळक आहे. हे गृहस्थ निष्ठावंत ख्रिस्ती होते, कष्टाळू होते, आणि त्यांच्या जीवितात शिकण्याजोगे व सावध होण्याजोगे असे दोन्ही आहे. म्हणून त्यांचे चरित्र आज आम्ही आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गॉस यांचा जन्म 6 एप्रिल 1810 रोजी इंग्लंडातील वूस्टर शहरी झाला. वडील थॉमस गॉस हे गावोगाव फिरून लोकांच्या लहानशा तसबिरी रंगवीत व त्यावर कसाबसा प्रपंच चालवीत. आई लग्नापूर्वी एका घरी चाकरीस होती. पुढे हे कुटुंब इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका बंदरी येऊन राहिले. तेथे खडकांच्या फटींत साचलेल्या पाण्यात मुलाने समुद्रातील जीव पहिल्याने पाहिले. घरात पैसा नव्हता. परंतु बारीक कुंचला धरून अगदी लहान वस्तू हुबेहूब उतरवण्याची कला पित्याच्या हातून पुत्राच्या हाती आली, आणि हीच त्याची वडिलोपार्जित मिळकत ठरली. पुढे गॉस यांनी आपल्या ग्रंथांसाठी जी रंगीत चित्रे काढली, ती पाहून वाचकांस समुद्रफुलांचा एकेक तंतू मोजता येत असे.

वयाच्या सतराव्या वर्षी, 1827 साली, त्यांस पोटासाठी अटलांटिक महासागर ओलांडून न्यूफाउंडलंड बेटात जावे लागले. कार्बनिअर नावाच्या गावी मासे व सीलच्या कातड्यांचा व्यापार करणारी एक पेढी होती. तिच्या कचेरीत ते कारकून झाले. हिशेबाच्या वह्या, बर्फाळ वारा व लांबच लांब हिवाळा, असे त्यांचे आयुष्य आठ वर्षे चालले. 1832 साली एका लिलावात त्यांस सूक्ष्मदर्शक यंत्राविषयीचा एक जुना ग्रंथ मिळाला. तेव्हापासून कचेरीतून सुटल्यावरचा वेळ किडे व फुलपाखरे गोळा करण्यात व त्यांची चित्रे काढण्यात जाऊ लागला. त्याच वर्षी घरून पत्र आले की बहीण प्राणसंकटात आहे. त्या दुःखात त्यांनी मन पालटून आपले जीवित देवास वाहिले. एकाच वर्षी त्यांस जणू दोन ग्रंथ मिळाले, एक शास्त्राचा व एक सृष्टीचा. आणि दोहोंचे वाचन त्यांनी मरेपर्यंत सोडले नाही.

यानंतरची काही वर्षे अपयशाची गेली. 1835 साली त्यांनी कॅनडात जमीन घेऊन शेती आरंभिली. तीन वर्षांत ती बुडाली. मग 1838 साली ते अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा प्रांती शाळा शिकवावयास गेले. तेथे कापसाच्या शेतांवर गुलामांस होणारी मारहाण पाहून त्यांचे मन विटले, आणि वर्ष संपण्यापूर्वीच त्यांनी तो देश सोडला. लंडनास परतले तेव्हा खिशात जवळजवळ काही नव्हते. कॅनडातील सृष्टीविषयी त्यांनी लिहिलेले हस्तलिखित एका प्रकाशकाने वाचले व त्याबद्दल शंभर गिनी देऊ केल्या, तेव्हा या सुमारे तीस वर्षांच्या गृहस्थाच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. तो ग्रंथ 1840 साली छापून निघाला.

लंडनाच्या हॅक्नी भागात राहत असता ते ब्रदरन नावाच्या मंडळीत मिळाले. या मंडळीत पगारी पाळक नसत. साधेपणाने जमून शास्त्र वाचावे, भाकर मोडावी व प्रभूच्या येण्याची वाट पाहावी, असा त्यांचा क्रम असे. याच पंथाच्या अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज यांच्याबरोबर बाउडन व बीअर ही दोन कुटुंबे 1836 साली हिंदुस्थानात आली व गोदावरीच्या मुखाकडील तेलुगू मुलखात कामास लागली. जी नदी आपल्या नाशिकच्या लोकांच्या दाराशी लहानशी दिसते, तिच्या दुसऱ्या टोकास गॉस यांचे धर्मबंधू राबत होते, हे आमच्या वाचकांस ऐकून समाधान वाटेल.

1844 साली गॉस पक्षी व कीटक गोळा करण्याकरिता जमेका बेटात गेले. तेथे मोरेव्हियन मिशनऱ्यांच्या घरी त्यांचा मुक्काम होता. त्या बेटातील गुलामांस पूर्ण स्वातंत्र्य मिळून तेव्हा सहाच वर्षे झाली होती. सॅम्युएल कँबेल नावाचा अठरा वर्षांच्या सुमाराचा एक काळा तरुण त्यांच्या हाताखाली कामास राहिला. त्याची नजर व स्मरणशक्ती विलक्षण तीक्ष्ण होती. जमेकातील पक्ष्यांवरचा जो ग्रंथ 1847 साली निघाला, त्यात या मदतनिसाने काय काय पाहिले व मिळवून दिले, हे गॉस यांनी त्याचे नाव घेऊन नमूद केले आहे. त्या काळी अशा मदतनिसांची नावे पुस्तकांत क्वचितच येत. गॉस मताने कडक होते. पण दुसऱ्याच्या श्रमाचे श्रेय त्यांनी गिळले नाही.

1848 च्या नोव्हेंबरात एमिली बोज या बाईंशी त्यांचा विवाह झाला. त्या त्यांच्याच मंडळीतील असून स्वतः लेखिका होत्या. त्यांनी लिहिलेल्या धार्मिक पत्रिका पुष्कळ खपत. 1849 साली त्यांस एडमंड हा एकुलता एक मुलगा झाला. आई चित्रे काढी व लिही, बाप सूक्ष्मदर्शकाशी बसे, आणि घरात श्रीमंती नसली तरी दोघांचे मन एक होते.

1852 च्या आरंभी अतिश्रमाने गॉस यांची प्रकृती ढासळली, व वैद्यांच्या सल्ल्यावरून हे कुटुंब डेव्हनच्या समुद्रकाठी जाऊन राहिले. याच आजारपणातून त्यांचे सर्वांत प्रसिद्ध कार्य निघाले. ओहोटीच्या वेळी ते गुडघाभर पाण्यात उतरून, हाती छिन्नी व हातोडा घेऊन, खडकांवरील समुद्रफुले अलगद सुटी करीत व बरण्यांत घालून घरी आणीत. वाचकांपैकी जे कोकणातले असतील त्यांनी हे जीव पाहिले असतील. दिसावयास फूल, पण आहे प्राणी, व पाकळ्यांसारख्या तंतूंनी तो भक्ष्य पकडतो. प्रश्न असा होता की त्यांस समुद्राबाहेर जगवावे कसे? बरणीतले पाणी दोनतीन दिवसांत नासे व सारे जीव मरत. समुद्राजवळ राहणाऱ्यास रोज ताजे पाणी आणता येई. लंडनात राहणाऱ्यास ते कोठून मिळणार?

या प्रश्नाकडे आणखीही काही जण वळले होते. ॲना थिन नावाच्या बाईंनी 1846 पासून लंडनात प्रवाळाचे जिवंत तुकडे ठेवले होते. पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात पुनःपुन्हा ओतून त्यात हवा मिसळावी, असा त्यांचा उपाय होता. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दाखवले की टाकीत वनस्पती व प्राणी योग्य प्रमाणात ठेवले तर उजेडात वनस्पती प्राणवायू सोडते, प्राणी तो घेतो, आणि पाणी पुष्कळ दिवस चांगले राहते. गॉस यांनीही डेव्हनच्या किनाऱ्यावर हेच प्रयोग करून पाहिले व 1853 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात काचेच्या टाक्यांचे एक घर लोकांकरिता उघडले. सर्वसामान्य लोकांसाठी उघडलेले ते जगातील पहिले मत्स्यालय मानले जाते. त्यातील समुद्रजीवांचा पुरवठा करण्यात गॉस यांचा मोठा हात होता. 1854 साली त्यांचे मत्स्यालयाविषयीचे पुस्तक रंगीत शिळाछाप चित्रांसह निघाले. मत्स्यालयास इंग्रजीत आज जे अक्वेरियम हे नाव आहे, ते लोकांच्या तोंडी या पुस्तकाने बसले. त्यांच्या पुत्राने नमूद केले आहे की या एकाच पुस्तकाने त्यांस नऊशे पौंडांहून अधिक नफा झाला.

त्याच 1854 साली त्यांनी समुद्राचे पाणीच घरी तयार केले. ब्रायटनच्या समुद्राच्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण पूर्वी झालेले होते. त्यावरून गॉस यांनी मुख्य चार क्षार निवडले : साधे मीठ साडेतीन औंस, म्हणजे सुमारे 99 ग्रॅम, जुलाबासाठी देतात ते एप्सम मीठ पाव औंस, म्हणजे सुमारे 7 ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराईड 200 ग्रेन, म्हणजे सुमारे 13 ग्रॅम, आणि पोटॅशियम क्लोराईड 40 ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमांच्या थोडे वर. हे सर्व साडेचार लिटरांस किंचित कमी अशा पाण्यात विरघळवावयाचे. दुकानात चार पुड्या बांधून घ्याव्या व घरी येऊन समुद्र कालवावा, इतकी ही गोष्ट सोपी झाली.

परंतु यापुढे त्यांनी जे केले त्याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. पाणी तयार झाले म्हणून लगेच त्यांनी त्यात प्राणी सोडले नाहीत. प्रथम समुद्रशेवाळ लावलेले दगड ठेवले व उजेडात काही दिवस जाऊ दिले. पाणी निवळले व जीव राहण्याजोगे झाले, तेव्हा एकेक प्राणी आत गेला. हे थांबणे का आवश्यक आहे याचे पुरते कारण त्या काळी कोणास ठाऊक नव्हते. गॉस यांच्या निधनानंतर, 1890 च्या सुमारास, विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने ते सूक्ष्म जंतू वेगळे करून दाखवले, जे घाणीतून निघणाऱ्या अमोनियाचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात. हे जंतू नव्या पाण्यात पुरेसे नसतात. दगडांवर व वाळूत त्यांची वस्ती होण्यास आठवडे लागतात. त्यांच्यावाचून पाणी काचेसारखे स्वच्छ दिसले तरी विषारी असते. गॉस यांस कारण कळले नव्हते, पण थांबावे हे कळले होते.

आता सातपूरच्या एखाद्या कचेरीत अशी लहान टाकी मांडावयाची झाल्यास काय करावे, हे थोडक्यात सांगतो. कारण आजचे नियम गॉस यांच्या नियमांचेच विस्तृत रूप होत. टाकी फारच लहान घेऊ नये. पाणी जितके थोडे तितकी चूक लवकर भोवते, म्हणून नवशिक्याने साठ ते शंभर लिटरांखाली जाऊ नये. नळाचे किंवा कूपनलिकेचे पाणी तसेच न वापरता गाळून क्षाररहित केलेले पाणी घ्यावे. त्यात स्वयंपाकाचे मीठ घालून भागत नाही. मत्स्यालयाकरिता तयार केलेले समुद्री मीठ मिळते, त्यात अनेक क्षार असतात, ते लिटरास सुमारे 35 ग्रॅम या मानाने मिसळावे. गॉस यांचे मिश्रण यापेक्षा सौम्य होते. खारटपणा मोजण्याचे साधे उपकरण मिळते. त्यावर पाण्याची घनता 1.025 च्या आसपास दिसावी. उष्णता 25 अंशांच्या सुमारास राहावी. नाशिकास एप्रिल-मे महिन्यांत पारा कधी कधी चाळीसपर्यंत चढतो, तेव्हा ही गोष्ट सोपी नाही. पाणी निवत ठेवण्याची तजवीज आधीच करावी. टाकीवर पाण्याच्या पातळीची खूण करून ठेवावी. पाणी वाफ होऊन उडते, पण मीठ मागेच राहते. म्हणून कमी झालेली भर नेहमी गोड्या पाण्याने करावी, खाऱ्याने नव्हे. जो हे विसरतो त्याची टाकी हळूहळू मिठागर बनते.

पाणी, वाळू व सच्छिद्र दगड ठेवून चारसहा आठवडे थांबावे. पाण्यातील अमोनिया व नायट्राइट तपासून दोन्ही शून्यावर आल्यावर प्रथम शंखातल्या गोगलगाई, मग एखादा मासा सोडावा. खाणे चिमूटभर द्यावे. एखादा जीव दगडाआड मरून पडला व कोणाच्या ध्यानात आला नाही, तर त्याच्या कुजण्याने सारी टाकी नासते. म्हणून रोज जीव मोजावे. आणि कचेरीतील टाकीस एक अडचण घरातल्या टाकीहून अधिक आहे. कचेरीस सुटी असते, माशांस नसते. दिवाळीत चार दिवस दारास कुलूप असताना वीज गेली आणि पाणी फिरवणारा पंप थांबला, तर ते कोण पाहणार? टाकी विकत घेण्यापूर्वी त्या मनुष्याचे नाव ठरवावे. टाकी सर्वांची म्हटली की ती कोणाचीच राहत नाही.

असो. गॉस यांच्या चरित्राकडे परत वळू. त्यांच्या पुस्तकांचा परिणाम त्यांच्या कल्पनेबाहेर झाला. सबंध इंग्लंडात मत्स्यालयाचे वेड पसरले. आगगाड्या भरभरून माणसे समुद्रकाठी जाऊ लागली, आणि प्रत्येकाच्या हाती बरणी व छिन्नी. ज्या खडकांतील डबक्यांत शतकानुशतके समुद्रफुले निवांत वाढली होती, ती काही वर्षांत उजाड झाली. घरी नेलेल्या जीवांपैकी बहुतेक मेले, कारण लोकांनी पुस्तकातली चित्रे पाहिली पण धीर घेतला नाही. ही नासाडी आपल्याच पुस्तकांमुळे झाली, या जाणिवेने गॉस यांस फार दुःख होत असे, असे त्यांच्या पुत्राने पुढे लिहून ठेवले आहे. चांगल्या हेतूने दार उघडावे व त्यातून नासाडी आत शिरावी, असे पुष्कळदा घडते. आपल्या देशात 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे; 2001 सालापासून कठीण प्रवाळ व समुद्रघोडे यांस त्या कायद्याचे संरक्षण मिळाले आहे. म्हणून कोणी स्वस्तात जिवंत प्रवाळाचा तुकडा देऊ केला तर तो घेऊ नये. मेजावरची शोभा समुद्रातल्या ओसाडीने विकत घेणे ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाही.

1856 साल गॉस यांस सन्मानाचे व संकटाचे असे दोन्ही झाले. रॉयल सोसायटीने त्यांस आपले सभासद निवडले. आणि त्याच वर्षी एमिलीबाईंच्या स्तनात गाठ निघाली. वैद्याने शस्त्रक्रिया न करता दाहक औषधे लावण्याचा उपाय केला, व त्यात बाईंस असह्य यातना झाल्या. उपचारास जाताना वाटेत गाडीतल्या अनोळखी माणसांशी त्या बोलत व आपल्या पत्रिका देत. 1857 च्या फेब्रुवारीत त्या प्रभूकडे गेल्या. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. त्याच वर्षी पितापुत्र डेव्हनमधील सेंट मेरीचर्च या गावी कायमचे राहावयास गेले. तेथे गॉस यांनी एक लहानशी मंडळी जमवली व वर्षानुवर्षे तिची वेतनावाचून सेवा केली.

दुःखाच्या त्या वर्षातच त्यांनी एक पुस्तक लिहिले, ज्याने त्यांच्या कीर्तीस डाग लावला. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणत होते की पृथ्वी अतिशय पुरातन आहे. खडकांतील अवशेष तसे सांगतात. गॉस यांस शास्त्राचे अक्षर सोडवेना व डोळ्यांनी पाहिलेले खडकही नाकारवेनात. तेव्हा त्यांनी असा तोडगा काढला की देवाने सृष्टी निर्माण केली ती जुनेपणाच्या खुणांसकटच केली. पहिल्या वृक्षास निर्मितीच्या क्षणीच आतील वलये होती, तशीच खडकांत अवशेषांची चिन्हे होती. त्यांस वाटले की आता वाद मिटेल. घडले उलट. शास्त्रज्ञ हसले, आणि श्रद्धाळूंस वाईट वाटले, कारण देवाने खडकांत कधी न घडलेल्या गोष्टींची साक्ष लिहून ठेवली असे त्यातून निघत होते. त्यांचे स्नेही, पाळक व कादंबरीकार चार्ल्स किंग्झ्ली, यांनीही ते मत मान्य करणे आपणास अशक्य आहे असे कळवले. आम्हांस वाटते की गॉस यांची निष्ठा खरी होती, पण त्यांस घाई झाली. जो मनुष्य पाणी निवळेपर्यंत दिवसचे दिवस थांबे, त्यास न सुटलेला प्रश्न उराशी धरून थांबवले नाही. देवाचे दोन ग्रंथ आपणास एकत्र लावता आले नाहीत तर दोष आपल्या वाचनाचा असू शकतो. आणखी वाचावे, वाट पाहावी.

दुसरी घाई घरात झाली. आईवेगळा एडमंड पित्याच्या फार जवळ वाढला. समुद्रकाठी दोघे बरोबर जात. मूल बरणी धरी, बाप खडकावर वाके. परंतु या मुलाने लवकरात लवकर पुरता विश्वासी व्हावे असा पित्यास ध्यास लागला. मंडळीत सहसा प्रौढांस मिळणारा बाप्तिस्मा त्यास दहाव्या वर्षी देण्यात आला, आणि तो मोठ्या माणसांबरोबर प्रभुभोजनास बसू लागला. पुढे लंडनास नोकरीस गेल्यावर पित्याच्या पत्रांमागून पत्रे येत : प्रार्थना करतोस काय, शास्त्र वाचतोस काय? अखेर मुलगा पित्याच्या विश्वासापासून दूर झाला. तो थोर साहित्यिक झाला, आणि 1907 साली त्याने पितापुत्रांच्या या ताटातुटीवर एक ग्रंथ लिहिला, जो आजही वाचला जातो. त्यातील काही तपशील पुत्राने रंगवून सांगितले आहेत असे अलीकडच्या चरित्रकारांनी दाखवले आहे, व पित्यावर अन्याय होऊ नये म्हणून आम्ही ते येथे नमूद करतो. तरी मूळ दुःख खरे होते. दोघांचे एकमेकांवर प्रेम होते, आणि तरीही एकास दुसऱ्याजवळ मोकळेपणाने बोलता येत नव्हते.

आमच्या मंडळ्यांतील आईबापांनी येथे क्षणभर थांबावे. नाताळात मुलाने वचने घडाघडा म्हटली म्हणजे आपणास धन्यता वाटते. आणि मोठेपणी तो देवळात येईनासा झाला म्हणजे आपण त्यास रागे भरतो. पण मूल ज्या पाण्यात वाढायचे ते घर आपण आधी तयार केले होते काय? तेथे प्रश्न विचारण्यास जागा होती काय? शंका आली तर बापास सांगता येईल असा विश्वास होता काय? गॉस यांस समुद्रफुलाच्या बाबतीत हे सर्व कळत होते. ते मिटलेले फूल बोटांनी उघडीत नसत; पाणी स्वच्छ ठेवीत व ते आपोआप उमलेपर्यंत बसून राहत.

1860 साली त्यांनी एलायझा ब्राइटवेन या सुशील बाईंशी दुसरा विवाह केला, व त्या बाईंनी घरात पुन्हा ऊब आणली. 1858 ते 1860 या काळात इंग्लंडच्या किनाऱ्यावरील समुद्रफुले व प्रवाळ यांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ भागाभागाने निघाला. तो त्या विषयात दीर्घकाळ आधारभूत राहिला. पुढे ते आमरे, म्हणजे ऑर्किडची झाडे, वाढवू लागले, व त्यासंबंधी 1863 साली त्यांचा चार्ल्स डार्विन यांच्याशी पत्रव्यवहार झाला. डार्विन यांचे मत त्यांस मुळीच मान्य नव्हते. तरी फुलाविषयी दोघे सभ्यपणे एकमेकांस लिहीत. मतभेद असता बोलणे तोडू नये, हा धडा आमच्या पंचायतींसही उपयोगी पडेल. वयाच्या शहात्तराव्या वर्षी, 1886 साली, पाण्याच्या थेंबातील चक्रधारी सूक्ष्मजीवांवर हडसन नावाच्या विद्वानाबरोबर त्यांनी आणखी एक मोठा ग्रंथ पुरा केला. शेवटच्या हिवाळ्यात, थंडीच्या रात्री दुर्बिणीतून तारे पाहत असता त्यांस सर्दी बाधली व त्या दुखण्यातून ते उठले नाहीत. 23 ऑगस्ट 1888 रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

प्रिय वाचकहो, या पुरुषाचे जीवित सर्वस्वी अनुकरण करण्याजोगे होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु दारिद्र्यात हिंमत न सोडणे, कचेरीच्या कामातून उरलेला वेळ वाया न घालवणे, मदतनिसाचे नाव न लपवणे, आणि देवाच्या हातची लहानात लहान वस्तू आदराने पाहणे, हे गुण त्यांच्या ठायी होते. सातपुरात असो की एखाद्या खेड्याच्या शाळेत असो, तुमच्यापैकी कोणी अशी टाकी मांडील, तर तीत पहिले काही आठवडे पाणी व दगड यांवाचून काही दिसणार नाही. येणारेजाणारे विचारतील की यात मासे कोठे आहेत? त्यांस सांगावे की पाणी तयार होत आहे. मग मुलांस जवळ बोलावून दगडावर हिरवी छटा कशी चढत आहे ते दाखवावे, आणि त्यांनी काही विचारले तर शांतपणे उत्तर द्यावे.